बर्ड फ्लू : खरा चेकनाका शेडच्या दारात

बर्ड फ्लूची बातमी आली की सगळ्यात आधी हलते ती राज्याच्या सीमेवरची यंत्रणा. नाक्यावर कोंबड्यांच्या गाड्या अडवल्या जातात, चिकनचे भाव कोसळतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये आंध्र प्रदेशात लागण आढळल्यावर तेलंगणाने सीमेवर असाच पहारा बसवला. बेळगावहून चोर्ला आणि अनमोड घाटातून येणाऱ्या मालावर गोव्याची बरीच भिस्त आहे. त्यामुळे अशा बंदीचा फटका शेतकरी, वाहतूकदार आणि हॉटेलवाले असा तिघांनाही बसतो. पण नाका लागतो तो रोग सापडल्यावर. तोपर्यंत विषाणू कुठल्या तरी शेडमध्ये शिरून बसलेला असतो.

नवापूरचा धडा

भारतातल्या पोल्ट्रीत बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो सीमेवरच. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला. या गावाचे रेल्वे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. लागणही त्याच वेळी पलीकडच्या उच्छल भागात निघाली. फेब्रुवारी २०२१ मध्ये नवापूरला पुन्हा तेच संकट आले आणि पुन्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. फार्म जवळजवळ असले की एकाचा निष्काळजीपणा सगळ्यांना भोवतो, हे तिथे दोनदा दिसले.

पक्षी आणतो, माणूस पसरवतो

थंडीत येणारे पाणपक्षी हा विषाणू आणू शकतात, त्यांना अडवणे कुणाच्याच हातात नाही. पण एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये तो जातो मुख्यतः बुटांना लागलेल्या विष्ठेतून, क्रेटमधून, गाडीच्या चाकातून, खाद्याच्या परत वापरलेल्या पोत्यांतून. माल उचलणारी गाडी एका फार्मवरून थेट दुसऱ्यावर जाते. भरणारे मजूर तेच, कपडे तेच, क्रेटही तेच. थंड, ओलसर विष्ठेत विषाणू बरेच दिवस टिकतो. म्हणून गाडी गेटबाहेरच थांबवणे, चाके आणि क्रेट धुऊन घेणे आणि प्रत्येक शेडला वेगळी चप्पल किंवा गमबूट ठेवणे याला पर्याय नाही. कामगारांनी घरी गावठी कोंबड्या पाळू नयेत, हेही आधीच ठरलेले बरे.

बऱ्याच शेडच्या दारात पाय बुडवायचा हौद असतो, पण त्यातले पाणी आठवडाभर बदललेले नसते. चिखल-विष्ठेत जंतुनाशकाचा जोर उरत नाही. आधी बूट साबणाच्या पाण्याने घासायचे, मग जंतुनाशकात बुडवायचे, हा क्रम पाळायलाच हवा. या विषाणूवर चरबीचे आवरण असते आणि साबण ते फोडतो, त्यामुळे साधी धुलाईही अर्धे काम करते. कावळे-चिमण्या आत शिरू नयेत म्हणून जाळी, उघड्या तळ्याचे पाणी पाजण्याआधी क्लोरीन, मेलेल्या पक्ष्यांसाठी चुना टाकलेला खोल खड्डा. यातले काहीच महाग नाही. मेलेली कोंबडी ओढ्यात फेकली की कुत्री आणि कावळे तिला गावभर नेतात.

'मानमोडी असेल' म्हणून थांबणे

कोंबड्या अचानक पटापट मरू लागल्या, तुरे निळे पडले, डोकी सुजली, अंडी घटली, तरी पहिला अंदाज मानमोडीचाच असतो. लक्षणे मिळतीजुळती असल्याने ही चूक होते. खरे निदान भोपाळच्या प्रयोगशाळेत नमुना गेल्यावरच होते. पशुरोग प्रतिबंध व नियंत्रण कायदा, २००९ नुसार संशय आल्यास कळवणे मालकावर बंधनकारक आहे. तरी अनेकजण गप्प राहतात, कारण बातमी फुटली की भाव पडतो. काही जण तर घाईने उरलेला माल विकून टाकतात, आणि तिथूनच रोग पुढच्या तालुक्यात जातो.

गप्प राहणे पैशाच्या हिशेबातही तोट्याचे आहे. या रोगावर देशाचे धोरण बाधित भागातील पक्षी नष्ट करण्याचे आहे. भरपाई मिळते ती सरकारी पथकाने मारलेल्या पक्ष्यांची. त्याआधी रोगाने मेलेल्यांची नाही. जितका उशीर, तितके नुकसान मालकाच्या पदरात. करारावर कोंबड्या वाढवणाऱ्यांची अडचण वेगळी. पिल्ले आणि खाद्य कंपनीचे, शेड आणि मेहनत शेतकऱ्याची. भरपाई कुणाला, किती, हे करारात लिहिलेले नसेल तर वाढवणारा कोरडाच राहतो.

एक किलोमीटर, दहा किलोमीटर

लागण ठरली की भोवतालचा १ किलोमीटर बाधित क्षेत्र आणि पुढे १० किलोमीटरपर्यंत निगराणी क्षेत्र ठरते. हे वर्तुळ राज्याची हद्द बघत नाही. निपाणी-कागल पट्ट्यात ते सहज दोन राज्यांत पडेल. अशा वेळी दोन्हीकडच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडे एकमेकांचे फोन आणि फार्मची यादी आधीपासून हवी. पत्रव्यवहार बेंगळुरू आणि मुंबईमार्गे फिरला तर रोग पुढे निघून जातो.

ग्राहकांनी चिकन सोडायची गरज नाही. ७० अंशांवर आतपर्यंत शिजलेल्या मांसात आणि अंड्यात विषाणू उरत नाही. काळजी घ्यायची ती कच्चे मांस हाताळताना.

शेतकऱ्याला मोकळीक मिळते ती दोन बॅचच्या मधल्या काळात. जुने तूस काढून झाकून ठेवणे, शेड धुऊन चुना मारणे, फाटलेली जाळी शिवणे आणि निदान दोन आठवडे शेड रिकामे ठेवणे ही कामे तेव्हाच होतात. दिवाळीनंतरची बॅच भरण्याची घाई असतेच, पण पाणपक्षीही त्याच सुमारास तळ्यांवर उतरू लागतात.