पाच तारखेचा हिशेब

गेल्या महिन्यात दहिसर पश्चिमेला, स्टेशनजवळच्या माझ्या टेबलावर कांदरपाड्यातल्या एका गृहस्थांनी वहीचं पान पसरलं. चार ॲपची नावं, समोर डीमॅटची वार्षिक फी, ब्रोकरेज, खातं उघडण्याचे पैसे. तीनेकशे रुपयांच्या फरकाचा शोध लावायला त्यांचा अख्खा रविवार गेला होता. "सर, यातलं सगळ्यात स्वस्त कोणतं? टॅक्स-फ्री खातं काढायचंय." लंडनच्या भाच्यानं फोनवर सांगितलं होतं म्हणे.

भाचा खोटं बोलला नव्हता. ब्रिटनमध्ये 1999 पासून आयसा आहे, दक्षिण आफ्रिकेत 2015 पासून करमुक्त बचत खातं. तिथं सरकार सवलत खात्याला देतं आणि आत कोणता फंड ठेवायचा ते आपण ठरवतो. म्हणून प्लॅटफॉर्मची फी हा तिथला खरा प्रश्न. आपल्याकडे सवलत योजनेला चिकटलेली आहे. डीमॅट कितीही स्वस्त मिळालं, तरी आतल्या इक्विटी फंडाचा दीर्घकालीन नफा वर्षाला सव्वा लाखाच्या वर गेला की 12.5 टक्के कर आहेच. मग करमुक्त म्हणून उरतं ते मुख्यतः पीपीएफ आणि मुलगी लहान असेल तर सुकन्या. दोन्हींना वार्षिक फी नाही, पोस्टात काढा की बँकेत.

"काका, पीपीएफचं पासबुक आहे का घरी?" पासबुक पिशवीतच होतं. खातं नऊ वर्षांचं. दर महिन्याच्या 10 तारखेला बचत खात्यातून 12,500 रुपये आपोआप वळते होत होते, कारण पगार 7 ला.

पीपीएफच्या व्याजाचा नियम तुम्हा सर्व एजंटांना पाठ आहे: 5 तारखेची अखेर ते महिनाअखेर यांतली सर्वांत कमी शिल्लक. म्हणजे 10 तारखेचा हप्ता त्या महिन्यापुरता फुकट पडून राहतो. 7.1 टक्क्यांनी दरमहा सुमारे 74 रुपये, वर्षाला 887 रुपये 50 पैसे. ज्या तीनशे रुपयांसाठी रविवार गेला, त्याच्या जवळजवळ तिप्पट. आणि ही गळती नऊ वर्षं चालू होती.

मार्चअखेरीला पोस्टात रांग लावणाऱ्यांचं तर विचारूच नका. दीड लाख 31 मार्चला भरले, तर त्या वर्षाचं व्याज शून्य. तेच 5 एप्रिलच्या आत भरले असते तर 10,650 रुपये. दर हाच राहील असं धरून पंधरा हप्त्यांचा हिशेब मांडला, तर शेवटी सुमारे 2 लाख 69 हजारांचा फरक पडतो. पगारदाराच्या हातात एप्रिलमध्ये दीड लाख नसतात, मान्य. पण बोनस आलेला असतो, एफडी मोडलेली असते, आणि पैसे बचत खात्यात लोळत असतात. चेकनं भरणाऱ्याला चेक वटल्याची तारीख लागते, हेही आपण सांगायचं विसरतो.

का विसरतो, ते उघड बोलू या. 1 डिसेंबर 2011 पासून पीपीएफवरचं आपलं एक टक्का कमिशन बंद झालं आणि त्या दिवसापासून हे खातं आपल्या तोंडातून गेलं. आरडीवर महिला एजंटांचे 4 टक्के राहिले, म्हणून आरडी सुचते; तिचं व्याज करपात्र आहे, हे खालच्या आवाजात. फंडांतही तेच. 1 जानेवारी 2013 पासून डायरेक्ट प्लॅन आहे. रेग्युलरशी खर्चात एक टक्क्याचा फरक असेल, तर पाच लाखांवर वर्षाला पाच हजार होतात. वितरकानं त्या पैशाचं काम केलं असेल तर ते त्याचेच. पण ग्राहकाला आकडा रुपयांत सांगून, टक्क्यांत नव्हे.

नव्या करप्रणालीत 80सी गेली म्हणून ग्राहकांचं पीपीएफ थांबवणारे सल्लागार मला पटत नाहीत. वजावट गेली, व्याजावरची माफी तशीच आहे. 30 टक्क्यांच्या पट्टीत, उपकर धरून, 7.1 करमुक्त म्हणजे करपात्र 10.3 टक्क्यांच्या बरोबरीचं. असं व्याज कोणती बँक देते, ते दाखवा.

एक तपासणी मात्र प्रत्येक फाइलवर करा. पोस्टात जुनं खातं आणि बँकेत शाखेच्या आग्रहानं काढलेलं दुसरं, असे ग्राहक दहिसरमध्येच मला डझनावारी भेटले. 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नियमांनुसार एकच खातं मुख्य धरलं जातं. दुसऱ्यातली मर्यादेबाहेरची रक्कम बिनव्याजी परत येते. एकाच मोबाइलवर सगळं दिसावं म्हणून पोस्टातलं खातं बँकेत न्यायचं असेल, तर बदलीचा अर्ज द्यायचा. बंद करून नवं काढायचं नाही, नाहीतर वर्षं पुन्हा एकपासून मोजावी लागतात.

काकांचं काम वीस मिनिटांचं होतं. हप्त्याची तारीख 10 वरून 2 केली. पगार 7 ला येतो, तो पुढच्या महिन्याच्या 2 पर्यंत थांबेल. नॉमिनी म्हणून अजून दिवंगत वडिलांचं नाव होतं, तो अर्ज भरून दिला. एप्रिल 2025 पासून त्या बदलाला शुल्कही नाही. मग त्यांनी विचारलं, "तुमचे किती?" मी दोनशे म्हणालो, पावतीसकट. त्यांनी दीडशे दिले.