घोट्याचा एमआरआय : काय दिसते, काय दिसत नाही

कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास छत्रपती संभाजीनगरहून कचनेरच्या चिंतामणी पार्श्वनाथांच्या दर्शनास अनेक श्रावक-श्राविका पायी जातात. वर्षभर पेढीवर बसणारा मनुष्य एकाएकी एवढे चालतो, तेव्हा परतल्यावर घोटा वा टाच दुखू लागणे नवलाचे नाही. मग एक्स-रे काढला जातो. तो स्वच्छ आला की ‘हाड शाबूत आहे, मुरगळलेच असेल’ असे ठरवून तेल चोळणे सुरू होते. घोटाळा येथेच होतो.

एक्स-रे हा मुख्यतः हाडांचा साक्षीदार. स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा, म्हणजे टेंडन, त्यात नीट उमटत नाही. पोटरीतून टाचेकडे उतरणारी जाड कंडरा पूर्ण तुटली, तरी हाडांचे चित्र निर्दोष दिसू शकते. शिवाय अशा रुग्णास पाऊल थोडेफार खाली दाबता येते, कारण इतर कंडरा ते काम अंशतः पार पाडतात. त्यामुळे घरच्यांचा संशयही मावळतो. मागून कोणी काठी मारल्यासारखे वाटले असेल, तर विलंब न करता अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. ते रुग्णास पालथे झोपवून पोटरी दाबतात. पाऊल हलले नाही, तर कंडरा तुटल्याची दाट शंका येते. या तपासणीस ना यंत्र लागते, ना पैसा. हिशेबी घरांनी तरी तिला कमी लेखू नये.

त्यानंतर सोनोग्राफी वा एमआरआय. सोनोग्राफी तुलनेने स्वस्त, आणि पाऊल हलवत असताना कंडरेची तुटलेली टोके कितपत जवळ येतात हे ती दाखवते. मात्र तपासणाऱ्याचा हात सरावलेला हवा. एमआरआयमध्ये निरोगी कंडरा काळ्या पट्टीसारखी दिसते, तर काही विशिष्ट चित्रांत पाणी व सूज उजळ दिसते. म्हणून काळ्या पट्टीत उजळ रेघ आली की फाटल्याची शंका येते. पण येथेही एक चकवा आहे. घोट्याभोवती वळणारी कंडरा यंत्राच्या चुंबकीय क्षेत्राशी सुमारे ५५ अंशांचा कोन करते, तेथे ती धडधाकट असूनही काही चित्रांत उजळ भासते. अनुभवी क्ष-किरणतज्ज्ञ असा भाग दुसऱ्या प्रकारच्या चित्रांतही पडताळून पाहतात.

अहवालातील ‘टेंडिनोसिस’ या शब्दाने घाबरण्याचे कारण नाही. तो तंतूंची झीज सांगतो, तुटणे नव्हे. अशी झीज न दुखणाऱ्या पायातही आढळते. ‘पार्शियल टिअर’ म्हणजे काही तंतू तुटलेले. त्यास शस्त्रक्रिया लागेलच असे नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन वा लेव्होफ्लॉक्सासिन ही प्रतिजैविके नुकतीच घेतली असतील, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. त्यांनी कंडरा तुटण्याचा धोका वाढतो, विशेषतः साठीनंतर आणि स्टिरॉइड चालू असताना. एमआरआयपूर्वी पेसमेकरची माहिती देणेही तितकेच आवश्यक.

सांधलेली टाचेची कंडरा वर्षभरानंतरही चित्रात जाडच दिसते. चालणे सुधारले असेल, तर केवळ ती जाडी पाहण्यासाठी पुन्हा एमआरआयचा खर्च करण्याची सहसा गरज नसते.