वीस रुपयांचे सेवाकार्य

सेवाकार्याचा विषय निघाला की मंडळाच्या सभेत पहिली सूचना येते वह्यावाटपाची, दुसरी रक्तदान शिबिराची. दोन्ही उत्तमच. मात्र पेढीवर वर्षानुवर्षे पोती वाहणाऱ्या हमालाच्या बचत खात्याची विचारपूस क्वचितच होते.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वर्षे वयाच्या खातेदारास वार्षिक २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी २ लाखांचे संरक्षण मिळते. विमावर्ष १ जून ते ३१ मे. हप्ता खात्यातून आपोआप वळता होतो. खात्यात शिल्लक नसेल तर संरक्षण खंडित होते, आणि खातेदाराला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून मे महिन्याच्या आरंभीचा एखादा रविवार या कामासाठी राखून ठेवावा. दोन-तीन स्वयंसेवकांनी बाजारपेठेतच बसून पासबुकातील नोंदी तपासाव्यात आणि संमतीपत्र भरण्यास साहाय्य करावे. हप्ता मालकाने सोसला तर चांगलेच, पण रक्कम खात्यात जमा करावी. कोणाचे पासबुक घरी नेऊ नये, ओटीपी तर विचारूच नये. छायाचित्रांची घाई असलेल्यांनी दुसरा उपक्रम निवडावा.

खरी गोम वारसाच्या नावात असते. लग्नापूर्वी लावलेले आईचे नाव ती निवर्तल्यावरही तसेच राहते आणि पत्नीला विम्याची कल्पनाच नसते. बँकेची शाखा, योजनेचे नाव आणि अपघातानंतर ३० दिवसांत दावा कळवण्याची सूचना असलेला कागद तिच्याच हाती द्यावा, शक्य तर वाचून दाखवावा.