‘ठो’ झाल्यावर पुढे काय?

शिकारकथा सांगणाऱ्या मंडळींशी माझे जुने भांडण आहे. यांच्या गोष्टीत मचाण असते, डास असतात, पाचोळा वाजतो, श्वास रोखला जातो आणि शेवटी ‘ठो!’ होते. बस्स. पुढच्या पानावर साहेब जनावरावर पाय ठेवून फोटोत उभे! अहो, कातडे कोणी सोलले? कोठा कोणी काढला? ते सगळे हाकेवाल्यांनी. त्यांची नावे कुठे छापलेली आढळली तर मला जरूर कळवा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आपल्याकडच्या बंदुका खुंटीला लागल्या, १९९१ च्या दुरुस्तीने शौकाचे उरलेसुरले परवानेही गेले. गोष्टी मात्र अजून ‘ठो’लाच संपतात.

आमचा भाचा कोलोरॅडोत असतो. तिथे १ जानेवारी १९४९ ला किंवा नंतर जन्मलेल्याला शिकारीचा वर्ग पुरा केल्याशिवाय परवाना नाही. याने वर्ग केला, नारिंगी जाकीट घेतले आणि एल्क मारायला सज्ज झाला. एल्क म्हणजे सांबराचा थोरला चुलतभाऊ. नर तीनशे किलोंच्या घरात.

“मामा, नेम मस्त बसतोय!”

“आणि सुरी?”

“ते काय, व्हिडिओ बघेन की.”

हीच ती वृत्ती! अरे, अंगावर दाट केस, पोटात ऊब. जनावर पडले की ती ऊब आतच कोंडते. बाहेर बर्फ असले तरी मांडीच्या हाडालगतचे मांस नासायला लागते. म्हणून पोट लगेच उघडायचे. तेही धसमुसळेपणाने नव्हे. धार वर, टोक दोन बोटांच्या मध्ये, म्हणजे कातडे कापते, आतडे नाही. आतडे किंवा मूत्राशय फुटले की झालेच! मग छातीत खांद्यापर्यंत हात घालून श्वासनलिका कापायची आणि कोठा बाहेर ओढायचा. (मी एकदा तिथे तंगडी धरून उभा होतो, म्हणून बोलतोय. एल्कची.) पित्ताची पिशवी फुटेल ही धास्ती तेवढी नाही, कारण एल्कला ती नसतेच. देवाने दिलेली एकुलती एक सवलत.

हाडे काढूनही ऐंशी किलोंच्या पुढे मांस निघते. ते पाठीवरून गाडीपर्यंत, चढउतारावरून, चार-चार खेपा. आणि कंटाळा आला म्हणून टाकून येता येत नाही. खाण्याजोगे मांस रानात सोडणे तिथे गुन्हा आहे. हा कायदा मला फार आवडला. मारूच नये म्हणणाऱ्यांशी माझा वाद नाही. पण मारायचेच असेल तर जीव वाया घालवण्याचा हक्क कोणाला नाही. तेव्हा माझी मागणी अशी, की परवान्याची परीक्षा सुरीने घ्या. नवख्याने आधी जाणत्याच्या हाताखाली, बाह्या सारून, दुसऱ्याने मारलेला एक एल्क साफ करावा. मग बंदुकीला हात.

“असं केलंस तर निम्मे लोक येणारच नाहीत, मामा!”

नकोत यायला!

भाचा सध्या एका शेतकऱ्याकडून आख्ख्या कोंबड्या आणून हात बसवतोय. पित्ताची पिशवी आतापर्यंत दोनदा फुटली आहे.