राक्षसाचे सोंग आणि फौजदाराची काठी

‘पोरे बिघडली’ ही आरोळी आमच्या समाजात दर पिढीस एकदा उठते, आणि मागल्या खेपेस जे बिघडले म्हणून गावभर झाले होते तेच गृहस्थ या खेपेस आरोळी ठोकण्यात पुढे असतात. तमाशाच्या तंबूतून बापाने कान धरून घरी आणलेला पोरगा आज आजोबा झाला आहे, आणि नातवाच्या मोबाईलमधून येणारे रॅप ऐकून त्याचे मस्तक फिरले आहे. रॅप साधे असते तर एक वेळ चालले असते. पण यात रक्त आहे, कोयते आहेत, मुडदे आहेत, वेडाच्या झटक्यात केलेल्या खुनाची कबुली आहे, आणि शिव्या तर पानातल्या चुन्यासारख्या, त्यांच्यावाचून विडा रंगतच नाही. अमेरिकेत या प्रकारास हॉररकोर म्हणतात. तिकडे तो तीस-पस्तीस वर्षांचा जुना आहे. इकडे फोनच्या वाटेने आता आमच्या वस्त्यांपर्यंत पोचला आहे.

कांदा आणि द्राक्ष सोडून निफाडकराने या भानगडीत का पडावे, असे काही वाचक विचारतील. त्यांस आमचे उत्तर असे की, या तालुक्यातील शेकडो पोरे पहाटे उठून पोलीस भरतीसाठी धावतात. भरतीत उतरले की चारित्र्य पडताळणी असते, आणि तेथे पोराच्या नावावर एखादा गुन्हा नोंदलेला निघाला तर पुढे काय होते हे घराघरांत ठाऊक आहे. एका गाण्यापायी तसा गुन्हा नोंदला जाऊ शकतो काय? जाऊ शकतो. महाराष्ट्रात २०२३ सालच्या एप्रिल महिन्यात तो एकदा नव्हे, तीनदा नोंदला गेला.

त्या तीन प्रकरणांतले एक पुण्याचे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत, जेथे एके काळी मुंबईचे गव्हर्नर पावसाळ्यात राहावयास येत, तेथे एका तरुणाने रॅपचे चित्रीकरण केले. तोंडी शिव्या, समोर मेजावर तलवार, पिस्तूल आणि दारूची बाटली. हॉररकोरशी नाते सांगेल असे आपल्याकडचे गाजलेले प्रकरण हेच. चित्रफीत बाहेर पडताच गहजब झाला आणि चतुःशृंगी पोलिसांत गुन्हा दाखल झाला. दुसरी दोन प्रकरणे राजकारणातली. छत्रपती संभाजीनगरकडील राज मुंगासे याच्या रॅपवर अंबरनाथला, आणि उमेश खाडे याच्या रॅपवर मुंबईत वडाळ्याला गुन्हे दाखल झाले. त्यांच्या गाण्यांत तलवार नव्हती की पिस्तूल नव्हते. राज्यातील सत्तांतरावर आणि पुढाऱ्यांवर टोमणे होते, एवढेच.

आता वाचकांनीच पाहावे. एकाने शस्त्रे मांडून शिव्या दिल्या, दोघांनी सत्तेस बोल लावले. आणि तिघांसही एकाच महिन्यात एकच औषध मिळाले. अश्लीलतेची काठी म्हणून जी उचलली जाते, ती टीकेच्या पाठीवर पडावयास किती वेळ लागतो, याचा हा हिशेब आहे. म्हणून ‘पुण्याच्या त्या पोराला चांगली अद्दल घडली’ म्हणून ज्यांनी टाळ्या पिटल्या, त्यांनी वडाळ्याकडे एक डोळा ठेवावा.

पण आम्ही ही गाणी चांगली म्हणतो काय? सगळी नाही. यातील बराच माल आम्हांस किळसवाणा वाटतो, आणि तसे बोलण्यास आम्हांस कोणाची भीड नाही. बाईचे तुकडे करण्याचे वर्णन चवीने करणारा आणि वर ‘मी समाजाचे वास्तव मांडतो’ म्हणणारा जो आहे, त्याच्याविषयी आमच्या मनात तिळमात्र आदर नाही. चार पोरे एका खोलीत बसून एकमेकांवर ताण करतात, कोण अधिक घाण बोलतो याची पैज लागते, आणि त्या पैजेत हमखास आईबहीण खर्ची पडते. यात बंड कसले? ज्या बाईला घरात कोणी विचारत नाही, तिलाच गाण्यातही तुडविण्यास धाडस लागत नाही.

तरी सगळे एका मापाने मोजू नये. ह्यूस्टन शहराच्या गरीब काळ्या वस्तीतून गेटो बॉईज नावाचा फड निघाला. १९९० साली त्यांची तबकडी इतकी भयंकर ठरली की ती विकण्याचा करार केलेल्या बड्या कंपनीने अंग काढून घेतले. त्या तबकडीतील खुनाबलात्काराच्या वर्णनांचे समर्थन आम्ही करणार नाही. पण याच फडाने पुढच्याच वर्षी एक गाणे केले, त्यात भूत नाही, राक्षस नाही. रात्री झोप न येणारा, आपल्यामागे कोणी लागले आहे असे वाटणारा, आपलेच मन आपल्याशी दगा करते आहे म्हणून घाबरलेला एक तरुण आहे. ते गाणे आज रॅपमधील थोर गाण्यांत गणले जाते. फड तोच, भयही तेच. पहिल्या खेपेस भय दुसऱ्याला दाखविण्यासाठी होते, दुसऱ्या खेपेस ते स्वतःचे होते. ज्यास कान आहे त्यास हा फरक ऐकू येतो. फौजदारास तो ऐकू यावा अशी अपेक्षा करणे हा त्या बिचाऱ्यावरही अन्याय आहे. त्यास चोऱ्या आणि अपघात का थोडे आहेत!

१९९४ साली ग्रेव्हडिगाझ, म्हणजे कबर खणणारे, या नावाच्या चौघांची तबकडी निघाली. चौघांचेही पूर्वी एकाच कंपनीशी बिनसले होते, धंद्यातून जवळजवळ उठले होते. तेव्हा त्यांनी मेल्याचे सोंग घेतले आणि कबरीतून बोलू लागले. कंपनीने मारले म्हणून मुडद्याच्या तोंडून गाणे, ही कल्पना आमच्या कोणाही सोंगाड्यास सांगितली तर तो मांडीवर थाप मारील.

सोंगाड्या म्हटला म्हणून आमच्याच जिल्ह्यातली गोष्ट सांगतो. नाशिकच्या पश्चिमेस पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीकडे उन्हाळ्यात बोहाडा होतो. रात्रभर संबळ वाजतो, टेंभ्यांच्या उजेडात एकामागून एक सोंगे येतात. देव येतात तसे राक्षसही येतात. सुळे बाहेर आलेला, डोळे वटारलेला, जीभ लोंबणारा लाकडी मुखवटा चढवून गडी नाचत येतो. लहान पोरे आईच्या पदराआड दडतात आणि पदराच्या फटीतून पुन्हा बघतात. सकाळी तोच गडी नांगर धरतो. त्याने रात्री राक्षस नाचविला म्हणून त्याच्या घरी पोलीसपाटील पंचनामा करावयास जात नाही. मुखवटा कोणता आणि माणूस कोणता हे त्या पाड्यावरच्या निरक्षर म्हातारीस कळते. ते शहरातल्या शिकलेल्यांस कळत नाही, असे कसे मानावे? कळते, परंतु पाड्यावरच्या मुखवट्यास ‘लोककला’ म्हणून सरकारी महोत्सवात हार घालावयाचा, आणि झोपडपट्टीतल्या पोराच्या मुखवट्यास आरोपी करावयाचे, अशी ही वाटणी आहे.

मुखवट्यास माणूस समजल्याने काय होते त्याचा एक नमुना अमेरिकेतच घडला. डेट्रॉइटकडचे इन्सेन क्लाउन पॉसी हे दोघे विदूषकासारखा रंग तोंडास फासून खुनाखराबीची गाणी गातात. त्यांचे चाहते बहुतेक गरीब, कामकरी घरांतले. ते स्वतःस जगलो म्हणवितात, तोंडे रंगवून जत्रेस जमावे तसे जमतात. २०११ साली तेथील केंद्रीय पोलिसांनी गुन्हेगारी टोळ्यांच्या अहवालात या चाहत्यांस टोळी म्हणून घातले. काहींनी गुन्हे केले होते हे खरे. म्हणून सगळा मेळाच टोळी ठरला. पुढे २०१४ साली त्यांनी सरकारवर दावा लावला. गाडीवर फडाची खूण लावलेल्या एका ट्रकवाल्यास रस्त्यात अडवून झडती घेतली, एकास अंगावरच्या गोंदणापायी लष्करभरतीत नाकारले, अशी त्यांची तक्रार होती. भरतीची गोष्ट वाचून आम्हांस आमची पहाटे धावणारी पोरे आठवली. दावा चालला नाही, २०१७ च्या अखेरीस वरच्या कोर्टानेही तो फेटाळला. त्याच साली सप्टेंबरात हे रंगवलेल्या तोंडांचे लोक वॉशिंग्टनला मोर्चा घेऊन गेले होते, आमची टोळी नाही, आम्ही गाणे ऐकणारे आहोत, एवढेच सांगावयास.

आमच्याकडे हा खेळ नवा नाही. सत्यशोधक जलसेवाले गावोगाव फिरू लागले तेव्हा त्यांची भाषा ग्राम्य, असभ्य म्हणून शिष्ट मंडळींनी नाके मुरडली. स्वातंत्र्य आले, आणि बाळासाहेब खेरांच्या कारकिर्दीत मुंबई सरकारने तमाशावरच बंदी घातली. पुढे ती उठली, पण वग तपासून घेण्याची अट मागे लागली. १९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ निघाला, त्यातल्या शब्दांनी पांढरपेशा वाचकाचे कान किटले. आज तो विद्यापीठात शिकवितात. ‘गोलपिठा’ थोर ठरला म्हणून प्रत्येक शिवराळ रॅपर ढसाळ होतो असे नाही. शंभरात नव्वद जण विसरले जातील आणि जावेत. पण नव्वदांचा निकाल ऐकणाऱ्यांनी लावावा, ठाण्यातील रोजनाम्याने नव्हे.

कायद्याचेच बोलावयाचे तर वरच्या कोर्टाने अलीकडे बरेच स्पष्ट केले आहे. १९ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका मालिकेवरचा खटला रद्द करताना म्हटले की शिवीगाळ असभ्य असेल, किळसवाणी असेल, तेवढ्याने ती अश्लील ठरत नाही. २८ मार्च २०२५ रोजी, खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेवरचा गुजरातमधील गुन्हा रद्द करताना, भाषणालेखनाच्या अशा प्रकरणांत गुन्हा नोंदण्यापूर्वी प्राथमिक चौकशी करावी, आणि शब्दांचा परिणाम खंबीर मनाच्या माणसाच्या मापाने मोजावा, दुबळ्या मनाच्या नव्हे, असे त्याच न्यायालयाने सांगितले. हे निकाल दिल्लीस लागले. तालुक्याच्या ठाण्यात तक्रार घेऊन जाणारा कार्यकर्ता आणि तक्रार लिहून घेणारा ठाणे अंमलदार यांच्यापर्यंत ते कधी पोचतील? निकाल रद्द होईपर्यंत पोराची दोन वर्षे कोर्टाच्या पायरीवर जातात, वकिलाची फी बापाच्या कांद्यातून जाते, आणि भरतीचे वय निघून जाते ते निराळेच.

अंडरग्राउंड म्हणजे भूमिगत. हा शब्द ऐकला की आमच्या बाजूच्या जुन्या माणसांस १९४२ आठवतो. हे भूमिगत तसले नव्हेत. यांच्यामागे कंपनी नाही, स्टुडिओ नाही. बहिणीचा फोन, उसना माईक आणि दार लावून घेतलेली खोली, एवढ्यावर यांचे गाणे होते. मुंबईत धारावीच्या पोरांनी असेच सुरू केले; ‘स्वदेशी’ या मुंबईच्या मेळ्याने तर वारली आदिवासी आणि आरेच्या जंगलावर गाणे केले, त्यात आरेचे प्रकाश भोईर स्वतः गायले. भय त्यातही आहे, जमीन पायाखालून जाण्याचे.

आणि भयाची आमच्याकडे टंचाई आहे काय? २६ नोव्हेंबर २०२३ च्या संध्याकाळी निफाड तालुक्यात गारा पडल्या. वर्षभर लेकरासारख्या जपलेल्या द्राक्षबागा तासाभरात फाटल्या. खाली मण्यांचा आणि पानांचा खच, वर तारेला लोंबणाऱ्या नागड्या काड्या. त्यानंतर दोन आठवडेही गेले नाहीत तोच, ८ डिसेंबरला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली आणि लासलगावचा भाव कोसळला. त्या रात्री ज्या घरांत दिवा विझवूनही कोणी झोपले नाही, औषधाची बाटली बायकोने गुपचूप उचलून दुसरीकडे ठेवली, त्या घरातल्या पोराला भयरॅप लिहावयास डेट्रॉइटचा मुखवटा कशाला हवा? त्याने ह्यूस्टनच्या गल्लीतले पिस्तूल उसने आणले की आम्हांस त्याचा राग येतो तो एवढ्याचसाठी. घरात एवढे भरलेले असता पोरगे शेजाऱ्याकडे उसनवारीला गेले, म्हणून.

आमच्या गावांच्या यात्रा आता लागतील. यात्रा कमिट्या ऑर्केस्ट्रावर आणि नाचाच्या कार्यक्रमांवर वर्गणीतून लाखांनी पैसा उधळतात, पुढच्या खुर्च्यांवर कोण बसते ते आम्ही लिहीत नाही, बसणारांस ठाऊक आहे. त्यातला अर्धा तास आणि एक बरा माईक गावातल्या रॅप करणाऱ्या पोरांस द्यावा. समोर त्यांची आई बसलेली असेल, मावशी असेल, शाळेतल्या बाई असतील. पोरे काय म्हणतात, कोणत्या ओळीला अडखळतात आणि कोणती ओळ गाळतात ते सर्व गावाला दिसेल. आवडले तर टाळ्या, नाही आवडले तर आमच्या गावात खाली बसविण्याची रीत सगळ्यांना येते. ठाण्यास कळविण्याची जरूर नाही. बंदोबस्ताला आलेले दोन शिपाई तेथेच असतात, त्यांनीही ऐकावे.