विशेषणाची जागा चुकली की अर्थही चुकतो



‘इंग्रजी पत्रात अर्थ पोचला की झाले, विशेषणांचा कीस कशाला?’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत मला मुळीच पटले नाही. बोलताना ते चालून जाते. लेखी पत्रात चेहरा नसतो, आवाज नसतो. असतात ते फक्त शब्द.

आपल्याकडे अर्जात सर्रास ‘द कन्सर्न्ड ऑफिसर’ लिहितात. म्हणायचे असते संबंधित अधिकारी. प्रमाण इंग्रजीत नामाआधीचे ‘कन्सर्न्ड’ म्हणजे काळजीत पडलेला. संबंधित म्हणायचे तर ‘द ऑफिसर कन्सर्न्ड’. भारतात पहिली रचना रुळली आहे, हे मान्य. पण नाशिकची द्राक्षे युरोपात जातात आणि तिथला खरेदीदार आपल्या कचेरीतले इंग्रजी शिकलेला नसतो. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ-नियंत्रक रसायनाच्या अंशांवरून तिथे आपली द्राक्षे अडचणीत आली होती. अशा वेळी ‘अँक्शस टु सेंड’ म्हणजे माल पाठवायला आतुर आणि ‘अँक्शस अबाउट रेसिड्यू’ म्हणजे अंशांची धास्ती, हा फरक लिहिणाऱ्याला ठाऊक हवाच. ‘वुई आर वरीड’ऐवजी ‘वुई आर वरीइंग’ गेले, तर काळजी आपल्याला वाटते की इतरांना आपल्याबद्दल वाटावी, इथपासून घोळ.

राज्यात 2000 पासून पहिलीलाच इंग्रजी आहे. तरी मुले विशेषणांच्या सुट्या याद्याच घोकतात. शिक्षकांनी पत्रलेखनाच्या तासाला अशी खरी वाक्ये फळ्यावर घ्यावीत, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त इंग्रजी शिक्षक, नाशिक