पत्र येते, पण जात नाही

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीची एक जुनी पेढी. अण्णा सत्तरीच्या घरात आहेत. सौद्यांचे काम मुलाकडे, तर पत्रव्यवहार आणि हिशेब सूनबाईंकडे. गेल्या हंगामात, ऐन आवकेच्या दिवसांत, पेढीवरचा संगणक विजेच्या झटक्याने बंद पडला. दुसऱ्या दिवशी नवा संगणक आला. त्यावर पूर्वीचाच थंडरबर्ड हा ई-मेलचा प्रोग्राम बसवण्यात आला. परंतु पेढीचे खाते काही केल्या त्यात जोडले जाईना. त्यातच एका जुन्या ग्राहकाने दराबाबत वाद काढला होता. त्याने लेखी मान्य केलेला दर ज्या पत्रात होता, ते पत्र बंद पडलेल्या संगणकातच राहिले होते. रक्कमही लहान नव्हती.

सूनबाईंनी तोच पासवर्ड सात-आठ वेळा घालून पाहिला. अण्णा शेजारी बसून पाहत होते. शेवटी ते म्हणाले, “रोजमेळ जुळला नाही, तर आपण सगळी वही पुन्हा लिहीत नाही. जमेची बाजू वेगळी तपासतो, नावेची वेगळी. यातही तसे काही असेल का?”

अण्णांना संगणक येत नाही. पण त्यांचा प्रश्न नेमका होता. ई-मेल खात्यातही दोन बाजू असतात आणि त्या दोन वेगवेगळ्या यंत्रणांवर चालतात. पत्र पाठवण्याच्या पद्धतीचे नाव एसएमटीपी. तिचे मूळ नियम १९८२ मध्ये लिहिले गेले. आलेले पत्र वाचण्याच्या पद्धती दोन : पॉप आणि आयमॅप. म्हणून प्रोग्राममध्ये येणाऱ्या पत्रांचा सर्व्हर आणि जाणाऱ्या पत्रांचा सर्व्हर अशा दोन स्वतंत्र नोंदी असतात. एक बरोबर असून दुसरी चुकीची असू शकते. तेव्हा पहिला प्रश्न असा विचारावा : पत्र येत नाही, की जात नाही?

पेढीवर प्रथम येणारी बाजू तपासण्यात आली. सूनबाईंनी खाते पुरवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर ब्राउझरमधून तेच नाव आणि तोच पासवर्ड घातला. खाते उघडले. या एका कसोटीने पासवर्ड बरोबर असल्याचे सिद्ध झाले आणि अर्धी शंका मिटली. उलट, चुकीच्या नोंदीनिशी वारंवार प्रयत्न करत राहिल्यास काही सर्व्हर ते खाते किंवा जोडणी काही काळ रोखून धरतात आणि एका अडचणीच्या दोन होतात. दोष निघाला तो वापरकर्त्याच्या नावात. तेथे पत्त्यातील ‘ॲट’ चिन्हापूर्वीचा भागच लिहिलेला होता. त्या सर्व्हरला संपूर्ण ई-मेल पत्ता हवा होता.

दुसरी तपासणी पोर्टची. सर्व्हरला इमारत मानले, तर पोर्ट म्हणजे तिच्या दाराचा क्रमांक. आयमॅपसाठी ९९३ आणि पॉपसाठी ९९५. दोन्हींसोबत सुरक्षेच्या रकान्यात एसएसएल/टीएलएस निवडावे. पाठवण्यासाठी ४६५ असेल तर एसएसएल/टीएलएस, आणि ५८७ असेल तर स्टार्टटीएलएस. या जोड्यांची अदलाबदल झाली की प्रोग्राम नुसता ताटकळत राहतो आणि सर्व्हरकडून उत्तर नसल्याचे सांगतो. संदेशातील हा फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे. उत्तरच येत नसेल, तर सर्व्हरचे नाव, पोर्ट, इंटरनेट किंवा अँटिव्हायरस यांत दोष शोधावा. पासवर्ड नाकारला जात असेल, तर दारापर्यंत आपण पोहोचलो आहोत. दोष नावात, किल्लीत किंवा ओळख पटवण्याच्या पद्धतीत आहे.

नाव दुरुस्त होताच पत्रे येऊ लागली. परंतु उत्तर पाठवताच ‘रिलेइंग डिनाइड’ असा संदेश उमटला. अनोळखी माणसाची पत्रे पुढे पाठवण्यास सर्व्हर नकार देतो, असा त्याचा अर्थ. थंडरबर्डमध्ये जाणाऱ्या सर्व्हरची नोंद खात्याच्या सेटिंगमध्ये वेगळ्या जागी, यादीच्या तळाशी असते. तेथे ओळख पटवण्याची पद्धत ‘नको’ अशी होती आणि पोर्ट २५ होता. अनावश्यक जाहिरातींच्या पत्रांना आळा घालण्यासाठी अनेक इंटरनेट कंपन्या २५ हा मार्ग ग्राहकांना बंद ठेवतात. तेथे ५८७, स्टार्टटीएलएस आणि साधा पासवर्ड अशी निवड करताच पहिले पत्र रवाना झाले.

मध्येच एक इशारा आला होता : सर्व्हरचे प्रमाणपत्र दिलेल्या नावाशी जुळत नाही. अशा वेळी ‘तरीही पुढे जा’ हे बटण दाबण्याचा मोह होतो. सूनबाईंनी ते दाबले नाही. एकाच सर्व्हरवर अनेक पेढ्यांची खाती असतात, तेव्हा प्रमाणपत्र बहुधा सेवा देणाऱ्या कंपनीच्या नावाचे असते. कंपनीकडून सर्व्हरचे योग्य नाव विचारून ते लिहिताच इशारा नाहीसा झाला. हे बटण डोळे झाकून दाबणे म्हणजे ओळख न विचारता परक्या माणसाच्या हाती टपाल देणे. आपली पत्रे मधल्यामध्ये वाचणाऱ्याला देय रक्कम आणि बँक खात्याचे क्रमांकही दिसतात. जुन्या संगणकात असाच इशारा प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाला येऊ लागला, तर तारीख आणि वेळ पाहावी. आतली लहान बॅटरी संपून घड्याळ मागे गेले की वैध प्रमाणपत्रेही अवैध भासतात.

आता पत्रे येत होती आणि जात होती. परंतु खात्यात गेल्या दोन दिवसांचीच पत्रे दिसत होती. सर्वांच्या मनात धस्स झाले, ते येथे. जुन्या संगणकावर खाते पॉप पद्धतीने जोडलेले होते आणि ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ ही खूण काढलेली होती. पॉप पद्धतीत पत्रे सर्व्हरवरून संगणकात उतरतात. प्रत ठेवण्याची सूचना नसेल, तर सर्व्हरवरून पुसली जातात. पेढीचा कित्येक वर्षांचा पत्रव्यवहार त्या एका डब्यात होता.

सुदैवाने डब्यातील हार्ड डिस्क शाबूत होती. दुरुस्ती करणाऱ्याने ती नव्या संगणकाला जोडून दिली. थंडरबर्डची सर्व पत्रे आणि सेटिंग ‘प्रोफाइल’ नावाच्या एका फोल्डरात असतात. विंडोजमध्ये वापरकर्त्याच्या फोल्डरात ‘ॲपडेटा’ हा लपवलेला फोल्डर, त्यात ‘रोमिंग’, त्यात ‘थंडरबर्ड’ आणि त्यात ‘प्रोफाइल्स’, असा तो सापडतो. प्रोग्राम पूर्ण बंद करून सूनबाईंनी त्या फोल्डरच्या दोन प्रती काढल्या. एक कपाटात ठेवण्यासाठी, दुसरी वापरण्यासाठी. मग इंटरनेट बंद ठेवूनच जुने प्रोफाइल उघडले आणि पॉप खात्याची नवी पत्रे आणण्याची सूचना प्रथम काढून टाकली. अन्यथा जुने खाते सर्व्हरवरची उरलेली पत्रेही खाली ओढून पुसण्याची भीती होती.

थंडरबर्डमध्ये पॉप खात्याचे आयमॅपमध्ये थेट रूपांतर होत नाही. म्हणून त्याच प्रोफाइलमध्ये आयमॅपचे नवे खाते जोडले, सर्व्हरवर जागा पुरेशी असल्याची खात्री केली आणि जुनी पत्रे थोडीथोडी करून नव्या खात्यात हलवली. आयमॅपमध्ये पत्रे सर्व्हरवर राहतात. पेढीवर, घरी आणि मोबाइलवर एकच चित्र दिसते. मात्र एका ठिकाणी पुसलेले पत्र सगळीकडून जाते. त्यामुळे आयमॅप असले, तरी प्रोफाइलची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ठेवणे आवश्यकच आहे.

ज्या पेढ्या जीमेल वापरतात, त्यांना आणखी एक अडचण भेटते. पासवर्ड अचूक असूनही तो नाकारला जातो. ३० मे २०२२ पासून गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी बाहेरच्या प्रोग्राममधून केवळ नेहमीच्या पासवर्डने प्रवेश देणे थांबवले. मायक्रोसॉफ्टनेही आपल्या वैयक्तिक खात्यांसाठी १६ सप्टेंबर २०२४ पासून तोच मार्ग धरला. येथे ओळखीची पद्धत म्हणून ‘ओऑथ२’ निवडावी. मग त्या कंपनीची स्वतःची खिडकी उघडते आणि प्रोग्रामला पासवर्ड सांगावाच लागत नाही. थंडरबर्डमध्ये कुकीज बंद असतील, तर ही खिडकी अडते. त्या चालू कराव्यात. ज्या जुन्या प्रोग्रामला ही पद्धत येत नाही, त्याच्यासाठी जीमेलमध्ये दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून १६ अक्षरांचा स्वतंत्र ॲप पासवर्ड घेता येतो.

चौथ्या दिवशी दराचे ते पत्र सापडले. त्याची प्रत ग्राहकाला गेली आणि वाद तेथेच थांबला. अण्णांनी मात्र त्यानंतर एक लहान वही मागवली. तिच्या पहिल्या पानावर सूनबाईंनी येणाऱ्या आणि जाणाऱ्या सर्व्हरची नावे, पोर्ट, सुरक्षेचा प्रकार, वापरकर्त्याचे पूर्ण नाव आणि सेवा देणाऱ्या कंपनीचा दूरध्वनी लिहिला. पासवर्ड लिहिला नाही. दुसऱ्या पानावर प्रोफाइलची प्रत काढल्याच्या तारखा आहेत.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला अण्णा ते दुसरे पान उघडतात आणि विचारतात, “सूनबाई, प्रत काढली का?” ज्यांच्या पेढीवरचे सारे ई-मेल आजही एकाच संगणकात आहेत, त्यांनी हा प्रश्न संगणक चालू असतानाच विचारलेला बरा.